पडद्यामागचे तुकोबा

'संत तुकाराम' हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो उलट्या बाजूने. म्हणजे पडद्याच्या मागे बसून.

पुण्यामुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की कोथिंबिरीच्या जुड्या आठवतात. आमच्याकडे, भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. भाऊबीज आटोपली की एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, घरोघर पाहुणे असतात. दुपारी शिंगाडे, उसाची कांडी, जिलेबी, फुगे. रात्री दंडार, खडीगंमत नाहीतर नाटक. हलका धान कापून घरात आलेला असतो, भारी अजून बांधीत उभा असतो, आणि माणसाला त्या मधल्या चार दिवसांत उसंत असते. माझं आजोळ साकोली तालुक्यातलं. त्या वर्षी वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा मिळाल्या नाहीत, म्हणून मंडळाने सिनेमा आणला. एक माणूस, एक लोखंडी पेटी, दोन भोंगे आणि भाड्याचं जनरेटर.

दोन बांबूंमध्ये पांढरं कापड ताणलं होतं. पुढच्या बाजूला आधी बायाबापड्या, त्यांच्यामागे पुरुष. आम्हा पोरांना जागा उरली नाही. मागे तणशीचा ढीग होता, तिथे आम्ही चढून बसलो. मामा शोधत आला. "काहून रे, इकडे काहून बसला? इकडून का दिसते?" पण दिसत होतं. कापडाच्या विणीतून प्रकाश आरपार येत होता. प्रभात कंपनीची तुतारी फुंकणारी बाई आली, अक्षरं आली, सगळी उलटी. मला वाचता येऊ लागून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे जुन्या सिनेमात अशीच अक्षरं असतील असं मी मुकाट मान्य केलं. शिवाय मागे बसणाऱ्यालाच मिळणारी एक गोष्ट होती. समोरच्या यंत्राच्या भिंगाचा उजेड कापडाच्या बरोबर मध्यातून पाझरत होता, गोळ्यासारखा. तुकोबा चौकटीच्या मधोमध आले की तो गोळा नेमका त्यांच्या डोक्यामागे यायचा. प्रभावळ! पुढे बसलेल्या कुणालाच ती दिसली नाही. ही त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांची करामत नव्हती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

दिग्दर्शक दोन होते, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. चित्रपट १९३६ चा. तुकारामाचं काम केलं विष्णुपंत पागनीसांनी, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले गायक नट. जिजाईचं काम गौरी या नटीचं. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांमध्ये गणला गेला. एवढं सगळं मी मोठेपणी वाचलं. त्या रात्री मला दोनच गोष्टी कळत होत्या. एक, या बाईच्या घरी म्हैस आहे आणि तिचा नवरा कामाचा नाही. दोन, नवऱ्यावरचा राग ती देवावर काढते. आजारी पोराला घेऊन आणि हातात पायताण घेऊन जिजाई देवळात शिरली तेव्हा पुढच्या बाजूने बायकांचा जो हुंकार उठला, तो कापडाला हलवून गेल्यासारखा वाटला.

आणि मग तुकोबा जळाले.

ते गात होते. गाता गाता थिजले. अभंग मात्र आणखी क्षणभर चालू राहिला, मग गुरगुरत बंद पडला. थिजलेल्या चेहऱ्याच्या कडेला तपकिरी डाग उठला, त्याला बुडबुडे आले, डाग पसरत गेला आणि मधोमध लख्ख पांढरं भोक पडलं. पुढून कुणी म्हातारी ओरडली, "बाई वो, तुकोबा जरला!" यंत्रवाल्याने दिवा बंद केला. मी ढिगावरून घसरत पडद्याला वळसा घालून धावलो. काय जळलं ते मला बघायचं होतं.

जळली होती नखाएवढी जागा. १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरचं एक चित्र करंगळीच्या नखाएवढं असतं. यंत्रवाल्याने कंदिलाच्या उजेडात कात्रीने तो भाग कापला, दोन टोकं खरवडली, ब्रशने काहीतरी उग्र वासाचं लावलं आणि दाबून धरली. कापलेला बोटभर तुकडा त्याने मला दिला. जळकं टोक सोडून त्यावर सहा चित्रं नीट होती. मी ती कंदिलासमोर धरली. सहाही चित्रांत जिजाई. सहाही एकसारखी. मी तुकडा हलवला, वाकवला, डोळ्याशी नेला. ती काही केल्या हलेना.

"आता हे हालत काहून नाही?" मी विचारलं.

यंत्रवाला म्हणाला, "यंत्रातही हालत नाही बेटा. तिथेही थांबलेलीच असते."

तेव्हा वाटलं, तो पोराची गंमत करतोय. तो अक्षरशः खरं बोलत होता.

यंत्राच्या आत, भिंगाच्या मागे, एक छोटी खिडकी असते. फिल्म त्या खिडकीसमोरून सरकत जाते असं आपण समजतो. सरकली असती तर पडद्यावर नुसता पांढुरका ओघळ दिसला असता. एक चित्र खिडकीसमोर येऊन ठार थांबतं, त्यातून उजेड जातो, मग उजेड अडवला जातो आणि त्या अंधारात एक नखी फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरून तिला बरोबर एक चित्र खाली ओढते. पुन्हा थांबा, पुन्हा उजेड. सेकंदाला २४ वेळा. उजेड अडवायला पात्यांची चकती फिरत असते. म्हणजे चित्र हलतं तेव्हा आपल्याला दिसत नाही आणि दिसतं तेव्हा ते हलत नाही. नखीने छिद्र फाडलं, चित्र खिडकीतच अडकलं, की दिव्याच्या धगीने ते करपतं. एरवी प्रत्येक चित्र तिथे सेकंदाचा चोविसावा भाग उभं राहतं आणि निसटतं. तुकोबा सतत पळत होते म्हणूनच दोन तास वाचले होते.

आणखी एका गोष्टीने आम्ही सगळेच वाचलो. १९३६ सालचे चित्रपट ज्या मोठ्या, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर निघत, ती नायट्रेटची असे. एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. लहान १६ मिलिमीटरची फिल्म मात्र सुरुवातीपासून न भडकणाऱ्या अॅसिटेटची. तणशीच्या ढिगाला लागून तो खेळ झाला आणि गाव शाबूत राहिलं, यामागे एवढं रसायनशास्त्र होतं.

आता थोडा हिशेब करू, कारण या गोष्टीची खरी जादू हिशेबात आहे. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा. सेकंदाला २४ चित्रं धरली तर १ लाख ८८ हजार ६४० चित्रं. लहान फिल्मवर ती एकापुढे एक मांडली तर सव्वा किलोमीटरहून लांब, दीड किलोमीटरला थोडी कमी. आणि या प्रत्येक चित्रानंतर अंधार. फिरत्या पात्यांनी जवळपास निम्मा वेळ उजेड अडवलेला असतो. म्हणजे मंडईच्या त्या रात्री आजी, मामा, अख्खं गाव आणि तणशीवरची आम्ही पोरं मिळून एक तासाहून जास्त वेळ निव्वळ काळोखाकडे टक लावून बसलो होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

का आलं नाही? याचं अर्धं उत्तर दिवाळीतच सापडतं. अंधारात फुलझडी गोल फिरवली की उजेडाचं अख्खं कडं दिसतं. ठिणगी एका वेळी एकाच जागी असते, पण डोळ्यातला आधीचा ठसा पुसायला थोडा वेळ लागतो. म्हणून छोटे छोटे अंधार गिळले जातात. मात्र सेकंदाला २४ लुकलुका डोळ्याला कळतात, त्या फडफडतात. त्यावर यंत्रं करणाऱ्यांनी फार साधी युक्ती काढली. चित्र तेच ठेवायचं, उजेड मात्र त्यावर दोनदा नाहीतर तीनदा पाडायचा. चकतीला तीन पाती असली की सेकंदाला ७२ उघडझापी होतात, आणि एवढ्या वेगाची फडफड माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही. चित्रांची संख्या वाढवली असती तर फिल्म तिप्पट लागली असती. इथे अंधार वाढवून काम भागलं. मला ही युक्ती फार आवडते, तिच्यात आमच्या आजीची काटकसर आहे.

पण फुलझडीने फक्त फडफड का दिसत नाही ते कळतं. जिजाई हलते का, ते कळत नाही. ठसे नुसते एकावर एक पडत गेले असते तर तिला सहा हात दिसायला हवे होते. 'दृष्टिसातत्य' हा शब्द शाळेच्या पुस्तकात वाचून मीही बरीच वर्षं समाधानी होतो. उत्तर त्याच्या पलीकडे आहे. १९१० मध्ये माक्स वेर्टहायमर नावाचा मानसशास्त्रज्ञ आगगाडीने चालला असताना अचानक फ्रँकफुर्टला उतरला आणि त्याने खेळण्याच्या दुकानातून चित्रं फिरवायची एक चकती विकत घेतली, अशी कथा सांगतात. पुढचे प्रयोग त्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. दोन रेघा, वेगवेगळ्या जागी. आधी एक दाखवायची, मग दुसरी. मधलं अंतर फार कमी ठेवलं तर दोन्ही एकदम दिसतात. फार जास्त ठेवलं तर एकीनंतर दुसरी दिसते. पण ते सेकंदाच्या साधारण सोळाव्या-सतराव्या भागाएवढं असलं की एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. जिथे काहीच नव्हतं त्या मधल्या जागेतूनही ती जाते. हे सरकणं पडद्यावर नसतं, डोळ्यातही नसतं. खरोखरची वस्तू हलल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच इथेही जागा होतो आणि दोन थांब्यांमधला प्रवास भरून काढतो. जिजाईचा हात पायताणासकट वर गेला तो आमच्या तणशीवर, आमच्या टाळक्यांत.

वेर्टहायमर फ्रँकफुर्टला उतरला त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत एक चाळिशीचा गृहस्थ सणाचा सिनेमा बघायला गेला. सॅंडहर्स्ट रोडजवळच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशूच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. गृहस्थाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. हा खेळ नाताळातला की पुढच्या वर्षीच्या ईस्टरमधला यावर अभ्यासकांची वादावादी आहे. मला त्या वादात रस नाही, दोन्ही सण येशूचेच. महत्त्वाचं हे, की पडद्यावर येशू चालत असताना फाळक्यांच्या मनात कृष्ण आणि राम चालू लागले. मघाशी म्हटलं ना, मधली जागा आपणच भरतो. फाळक्यांनी ती जरा जास्तच भरली. ते परत पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन गेले. पुढे महिनोन् महिने इतके सिनेमे बघितले की डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासं झालं.

१९१२ मध्ये, म्हणजे वेर्टहायमरचा शोधनिबंध आला त्याच वर्षी, ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कोरी फिल्म बिनछिद्रांची यायची. नखी शिरणार कुठे? छिद्रं घरी पाडावी लागत, तीही काळोखात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. या देशातला पहिला कथापट एका बाईने अंधारात चाचपत पाडलेल्या छिद्रांवरून पुढे सरकला आहे. आणि भांडवलदाराला पटवायला फाळक्यांनी काय काढलं? देव नाही, राजा नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि दिवसेंदिवस एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर बी फुटलं, अंकुर वाकला, सरळ झाला, वेल चढली, सगळं मिनिटभरात. धानाच्या राजाला, म्हणजे आमच्या भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला, हा सिनेमा दाखवायला हवा होता. रोवणी ते कापणी चार महिने डोळ्यांसमोर होते आणि वाढताना मात्र धान कुणाला दिसत नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो या वाटाण्याच्या जोरावर.

परत माझ्या तुकड्याकडे येतो. तो अजून माझ्याजवळ आहे, एका पितळी डबीत. भंडाऱ्याच्या पितळेची डबी, तीही आजोळचीच. त्या फिल्मच्या एका कडेला छिद्रं आहेत आणि दुसऱ्या कडेला एक नागमोडी पांढरी रेघ, कुठे जाड कुठे बारीक. तो आवाज. यंत्रात एक छोटा दिवा या रेघेतून उजेड पाडतो, रेघ जाड-बारीक होईल तसा उजेड कमीजास्त होतो, पलीकडचा प्रकाशविद्युत घट त्याची वीज करतो आणि भोंगा गातो. लहानपणी मी समजत असे की जिजाईच्या गालाशेजारची रेघ म्हणजे त्या क्षणी ती जे बोलली ते. तसं नाही! चित्र खिडकीत अडखळत, धक्के खात चालतं. आवाजाला धक्के चालत नाहीत, तो संथ ओढीनेच वाचावा लागतो. म्हणून आवाज वाचायची जागा खिडकीपासून दूर, पुढे असते आणि मध्ये फिल्मचा सैल फास ठेवलेला असतो. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर हे अंतर २६ चित्रांचं, म्हणजे सेकंदाहून किंचित जास्त. माझ्या तुकड्यावर जिजाईच्या शेजारी छापलेला आवाज तिच्या पुढच्या क्षणाचा आहे. तिच्या तोंडून अजून निघायचा आहे.

मग त्या रात्रीच्या दोन गोष्टी उलगडल्या. चित्र थिजलं तरी अभंग क्षणभर का चालला? सैल फासातली फिल्म शिल्लक होती म्हणून. आणि सांधल्यावर खेळ सुरू झाला तेव्हा आधी चित्राने उडी मारली आणि सेकंदभराने आवाजाने उचकी दिली. सांधा तोच, पण आधी खिडकीतून गेला, मग आवाजाच्या दिव्यासमोरून. कापलेली सहा चित्रं एका जागी गेली आणि पाव सेकंदाचा आवाज दुसऱ्या जागी. दामले 'प्रभात'चे दिग्दर्शक होण्याआधीपासून तिथलं ध्वनिमुद्रण सांभाळत. गावोगावच्या यंत्रवाल्यांनी त्यांच्या अभंगांना अशा किती उचक्या लावल्या असतील!

अभंगांवरून एक सांगायचं राहिलं. त्यातला बियाण्याचा दाखला देणारा अभंग आजीला पाठ होता आणि ती तो तुकोबांचाच म्हणून म्हणायची. तो गाथेत नाही. तो या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला. भल्याभल्या जाणकारांनी तो गाथेत शोधून पाहिला म्हणतात. आजीला हे सांगायचं धाडस मी केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढीला भाचीने फोनवर 'संत तुकाराम' लावला. फोनच्या पडद्यावर पाती नाहीत. एक चित्र दुसरं येईपर्यंत तसंच उजळ उभं असतं, मध्ये काळोख नाही. १३१ मिनिटं अखंड उजेड. तिला चटकन गंमत वाटेना, म्हणून मी सांगू लागलो की आता बघ, ही बाई किती भारी आहे. आणि माझंच बोलणं अडलं. तुतारीवाली बाई दुसऱ्याच दिशेला तोंड करून फुंकत होती. अक्षरं वाचता येत होती. तुकोबा आले ते कुणी परकेच वाटले, भांग भलतीकडे वळलेल्या माणसासारखे, नाकाचा कल वेगळा. चाळीस वर्षं मी ज्यांना ओळखत होतो ते हे नव्हते. डोक्यामागे प्रभावळही नव्हती.

"मामा, तुम्ही पाहिला आहे ना हा?" भाचीने विचारलं.

मी उठून डबी आणली. तुकडा खिडकीसमोर धरला. सहा जिजाया, सरळ बाजूने, अनोळखी. मग तो फिरवून मागच्या बाजूने धरला, आणि ती लगेच ओळखू आली.